खरखर काढून मिळेल

मिरजेतल्या काकांच्या दुकानाच्या पाटीवर तीन ओळी होत्या. पहिलीत दुकानाचं नाव. दुसरीत 'रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेप, अँप्लिफायर दुरुस्ती'. आणि तिसरी, पेंटरने उरलेल्या जागेत कशीबशी कोंबलेली: 'खरखर काढून मिळेल'. ही ओळ काकांनी मुद्दाम घालून घेतली होती, कारण गिऱ्हाईक तक्रार सांगायचं ती याच शब्दात. सेट बंद पडलाय म्हणणारे कमी, खरखरतोय म्हणणारे जास्त. काका मागचं झाकण काढायचे, व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये सीटीसी नावाच्या मळ काढणाऱ्या द्रवाचे दोन थेंब सोडायचे, बटण चार-सहा वेळा गरागरा फिरवायचे, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागायचं. नाही भागलं तर कंडेन्सर, नाही तर ड्राय सोल्डर, नाही तर स्पीकरचा फाटलेला कागद. कुठली खरखर कुठून येते हे ते नुसतं ऐकून सांगत. डॉक्टर छातीला नळी लावतात तसे ते सेटला कान लावायचे, फक्त नळी नसायची.

आज पुण्यात माझ्या टेबलाखाली ॲल्युमिनियमची एक ओतीव डबी आहे. आत दोन ट्रान्झिस्टर, तीन कंडेन्सर, चार रेझिस्टन्स आणि दोन पॉट, म्हणजे कमी-जास्त करायची फिरती बटणं. एकीकडून गिटारची वायर आत शिरते, दुसरीकडून अँपकडे निघते, वर पायाने दाबायचं बटण. ते दाबलं की स्वच्छ सूर जातो आणि खरखर सुरू होते. डबीचं काम एवढंच. हिला फझ म्हणतात. ही डबी मी स्वतः जोडली, तीही काकांच्या सामानातून. काकांनी जन्मभर जे लोकांच्या सेटमधून काढलं, ते मी हौसेने घालून घेते.

मी गिटार बेताचीच वाजवते, हे आधीच सांगून टाकते. वादक म्हणून मला कुणी उभं करणार नाही. पण गिटारच्या सामानात रमणाऱ्यांची एक वेगळी जमात असते आणि तिच्यात मी नक्की मोडते. या जमातीने स्वतःच्या रोगाला नावही ठेवलंय: गिअर ॲक्विझिशन सिंड्रोम. आद्याक्षरं जुळवली की 'गॅस'. इंग्रजीत ही कोटी चालून जाते. मी एकदा घरी सहज म्हणून गेले, 'मला परत गॅस झालाय,' तर आईने न विचारता ओवा आणि काळं मीठ पुढे केलं. दोन्ही गॅसांचं कारण एकच, हावरटपणा, त्यामुळे तिचं फार चुकलं असंही नाही.

इलेक्ट्रिक गिटार मी पहिल्यांदा ऐकली ती काकांच्याच दुकानात. फक्त ती गिटार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या धून लावत. शब्द नाहीत, गाणारा नाही, आणि तरी कुणीतरी गातंय असं वाटायचं. काका म्हणायचे, 'व्हॅन शिप्ली.' कधी जोडीला इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन असायचं. शिप्ली वाजवायचे ती हवाईयन तऱ्हा. तारा बोटांनी दाबायच्या नाहीत, त्यांच्यावरून लोखंडी कांडी सरकवायची, म्हणजे मींड आपोआप निघते. आपल्या कानाला ती लगेच का पटली हे सांगायला नको. मोठेपणी वाचलं की बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारही याच जातीची होती. जॉर्ज बोशॅम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये ती विकायला काढली. गोल चकती आणि लांब दांडा, त्यामुळे लोक तिला फ्राइंग पॅन, म्हणजे सरळ तवाच, म्हणायला लागले. नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेटसमोर बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणाला ऐकूच जात नसे, म्हणून हा सगळा खटाटोप. मोठा आवाज हवा होता. खरखर कुणालाच नको होती.

मग लिओ फेंडर. ही गोष्ट मी काकांना फोनवर सांगितली तेव्हा ते जरा सावरून बसल्याचं मला इकडे ऐकू आलं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली या गृहस्थांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आधी हिशेबनीस होते. गावातले वादक अँप दुरुस्तीला आणत, मग यांनी स्वतःच अँप बांधायला घेतले, मग गिटारी. १९५० च्या सुमाराला पुढे जिला टेलिकास्टर म्हणायला लागले ती, आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. आज जगात कुठल्याही पोराला 'इलेक्ट्रिक गिटार काढ' म्हटलं तर ते जो दोन शिंगांचा आकार काढेल, तो या स्ट्रॅटोकास्टरचा. आणि लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. जन्मभर आली नाही.

'बरोबर आहे,' काका म्हणाले. 'वाजवणाऱ्याला सेटची कदर नसते.'

मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांनी माझ्या नादाकडे जरा कमी संशयाने बघायला सुरुवात केली. त्या वाद्याचा बाप आपल्याच बिरादरीतला निघाला ना!

तारेखाली बसवलेल्या पिकअपमध्ये जादू काही नसते. सहा लोहचुंबक, त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेढ्यात वीज उमटते, फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. पण वेढे किती, तर आठ हजारांच्या आसपास, आणि तार ०.०६ मिलिमीटर जाडीची. माझ्या पहिल्या सेकंडहँड गिटारचा मधला पिकअप मेला तेव्हा मी तो घेऊन पंख्याच्या मोटरी भरून देणाऱ्या एका वाइंडिंगवाल्याकडे गेले होते. त्याने तारेचं टोक नखावर घेतलं, उजेडाकडे धरलं आणि परत दिलं. म्हणाला, 'मॅडम, हे केस आहेत. तार आणा, भरून देतो.'

फेंडरच्या कारखान्यात हे केस गुंडाळायला बायका बसायच्या. त्यांतल्या ॲबिगेल इबारा १९५६ साली लागल्या आणि २०१३ पर्यंत पिकअप गुंडाळत राहिल्या. तार हाताने सोडायची, त्यामुळे प्रत्येक वेढा जरा इकडे जरा तिकडे पडायचा, आणि कुठलेही दोन पिकअप अगदी सारखे व्हायचे नाहीत. त्या आपल्या कामावर आद्याक्षरं घालत. आज त्या अक्षरांचा पिकअप मिळाला तर लोक देव भेटल्यासारखे वागतात. गिटार वाजवणाऱ्या हातांची नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात, वेढे घालणाऱ्या हाताचं नाव इतक्या आदराने घेतलं जाणं मला या जमातीतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

असा एकेरी वेढ्याचा पिकअप तारेबरोबर घरातली वीजही ऐकतो. ट्यूबलाइट, फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांची मिळून एक गुणगुण अँपमधून निघत राहते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, तिथे ही गुणगुण पेटीवरच्या काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधे कुठेतरी लटकते. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. मी हे ट्यूनरवर तपासून बघितलंय. जुन्या वाड्यात अर्थिंग धड नसलं की घरभर फुकटचा तानपुरा, फक्त थोडा चढा लागलेला. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने १९५५ साली याच्यावर तोड काढली: दोन वेढे शेजारीशेजारी, चुंबक उलटे, गुंडाळणीही उलटी. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो आणि विजेची गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते. नावच हमबकर, गुणगुण उधळून लावणारा. काकांना मी ही आकृती कागदावर काढून दाखवली. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाले, 'हा माणूस मिरजेत पाहिजे होता.' दर्ग्याच्या उरुसात रात्ररात्र गाणं चालतं. तिथे एकदा काकांनी अँप आणि कर्णे लावले होते आणि पहाटेपर्यंत गुणगुण काही गेली नव्हती. मोठमोठ्या गवयांसमोर ती नाचक्की त्यांना चाळीस वर्षांनंतरही बोचत होती.

तर अशी सगळी हुशार माणसं आवाज साफ करायच्या मागे. मग खरखर कुठून आली?

बिघाडातून. याबद्दल शंकेला जागाच नाही, इतके दाखले आहेत. लिंक रे नावाच्या वादकाने १९५८ मध्ये हवा तसा चिडका आवाज मिळेना म्हणून अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. इंग्लंडमध्ये १९६४ साली किंक्स नावाच्या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा हिरव्या अँपच्या स्पीकरवर दाढीचं पातं चालवलं. आणि या दोघांच्या मधला नॅशव्हिलचा किस्सा तर मला तोंडपाठ आहे. मार्टी रॉबिन्स यांचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते, आणि मिक्सिंग कन्सोलच्या ज्या चॅनलमधून त्यांचा आवाज जात होता तोच नेमका बिघडला. सोलोच्या जागी एखादी माशी बाटलीत अडकावी तसा आवाज. काकांनी अशा वेळी काय केलं असतं हे सांगायला नकोच. पण तिथे तो आवाज तसाच ठेवला गेला, १९६१ साली गाणं आलं आणि चाललंही. तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी मेकॅनिक मनाचा माणूस. लोक तो आवाज मागायला लागले तसा त्याने बिघाडाचा अभ्यास केला, दुसऱ्या एका इंजिनिअरला, रेव्हिस हॉब्सला, हाताशी धरलं, आणि तोच बिघाड ट्रान्झिस्टरने पुन्हा घडवून आणणारी एक डबी बांधली. गिब्सनने १९६२ मध्ये ती मायस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आणली.

पहिल्यांदा तिला कुणी विचारलं नाही. जाहिरातीत सांगत होते की हिच्यामुळे तुमची गिटार ट्रम्पेटसारखी, ट्यूबासारखी वाजेल. म्हणजे विकणाऱ्यांनाही नुसती खरखर विकायची लाज वाटत होती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सने तिच्यातून एक सुरावट वाजवली, तीसुद्धा पुढे इथे पितळी वाद्यं घालू म्हणून, तात्पुरती. ती तशीच राहिली, गाणं जगभर वाजलं आणि दुकानांतल्या डब्या संपल्या.

पुढच्या वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेली फझ फेस ही माझी आवडती. माइकच्या स्टँडची असते तशी गोल, जड बैठक, तिच्यावर दोन बटणं म्हणजे डोळे आणि खाली हसरं तोंड. जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली होती ती हीच. आत मघाशी मोजले तेवढेच सुटे भाग. एवढ्याशा भांडवलावर इतकं नाव कमावलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही. वडापाव सोडून.

आता डब्या हजारो निघतात. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, वाह, रिव्हर्ब. पण माझं स्पष्ट मत आहे की खरखरीच्या खात्यात सर्किटचे मुळातले नकाशे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, बाकी सगळी फोडणी बदललेली आमटी. आयबानेझची हिरवी ट्यूब स्क्रीमर १९७९ च्या सुमाराला आली. तिच्या नात्यागोत्यातल्या किती डब्या आज वेगवेगळ्या रंगांत विकल्या जातात याला गणतीच नाही. आणि क्लॉन सेंटॉर! बिल फिनेगन नावाच्या गृहस्थांनी १९९४ पासून हाताने सुमारे आठ हजार बनवल्या आणि आतला नकाशा कुणाला दिसू नये म्हणून भागांवर काळं राळेसारखं रसायन ओतलं. आमच्याकडे वैद्य पुडीतल्या औषधाचं नाव सांगत नसत त्यातलाच प्रकार. व्हायचं तेच झालं. डबीची किंमत काही हजार डॉलरांवर गेली, लोकांनी राळ खरवडून काढली आणि नकाशा चव्हाट्यावर आला. मग नक्कल स्वस्तात मिळायला लागली. तरी मूळ डबीची किंमत चढतच गेली. नक्कल आणि असल डोळे बांधून ओळखता येते का यावर माणसं रात्री जागवतात. मीही जागवली आहे. मला आली नाही ओळखता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं की माझे स्पीकर बरोबर नव्हते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, परवा ड्रॉवर आवरताना मला काकांच्या हातचा एक कागद सापडला. पण त्याआधी डबीची हकिगत सांगायला हवी.

मूळ फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. सिलिकॉन नंतर आलं. सिलिकॉन वक्तशीर, थंड डोक्याचं, पण त्याची खरखर मला टोचते. जर्मेनियमची जरा लोकरीसारखी असते. गिटारचा व्हॉल्यूम किंचित उतरवला की ती आपणहून साफ होते, आणि पुन्हा चढवला की परत येते, पायही न उचलता. मला ते हवे होते. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मी चार दुकानं पालथी घातली. एकाने विचारलं, 'कशाला? म्युझियमला?' मग डोक्यात उजेड पडला. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये हेच तर असायचे. एसी १२८. मी काकांना फोन केला.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण काकांनी सामान टाकलं नव्हतं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून माळ्यावर चढवलं होतं. दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा आम्ही दोघांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून डबे उपडे केले. छोटी लांबट धातूची टोपणं, खाली तीन पाय. काकांनी दोन बोटांत एक धरलं आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला.

'कशाला हवेत?'

सांगावंच लागलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, 'अगं, म्हणजे खराब आवाज काढायला चांगला ट्रान्झिस्टर हवाय तुला.'

हो. अगदी हेच. यापेक्षा नेमकं कुणी कधी सांगितलेलं नाही.

डबी त्यांच्या घरीच बांधली. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, म्हणून सोल्डर मारताना पाय चिमट्याने धरायचा, म्हणजे ताप वर जायच्या आधी चिमटाच तो पिऊन टाकतो. ही गोष्ट मला काकांनी शिकवली. पहिला ट्रान्झिस्टर सत्तर-ऐंशीच्या गेनचा, म्हणजे सिग्नल तितक्या पटीने वाढवणारा, दुसरा त्याहून वरचा, एकशे दहा ते एकशे तीस, आणि दुसऱ्याच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट मिळायला हवेत. ही मी त्यांना सांगितली. मीटर त्यांचा, जुना, काट्याचा. डिजिटल मीटर आकडा दाखवतो, काटा कल दाखवतो, हे त्यांचं लाडकं वाक्य त्या दिवशी निदान चारदा झालं.

एक घोळ मात्र माझ्या अकलेने झाला. हे ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, त्यामुळे डबीचं अर्थिंग म्हणजे बॅटरीचं धन टोक. माझ्या बाकीच्या सगळ्या पेडलचं, म्हणजे पायाने दाबायच्या डब्यांचं, अर्थिंग ऋण टोकाला. पुण्यात आल्यावर मी उत्साहात सगळ्यांना एकाच अडॉप्टरवर जोडलं. धन आणि ऋण गिटारच्या वायरीच्या जाळीतून एकमेकांना भेटले, अडॉप्टरने एक बारीक टिचका दिला आणि त्याने मान टाकली. काकांना सांगायची हिंमत व्हायला आठवडा लागला. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'सेल वापर.' आणि सेलही भारी अल्कलाइन नको, साधा झिंक-कार्बनचा, थोडा उतरलेला असेल तर फारच छान वाजतो, असं या नादातले लोक शपथेवर सांगतात, हे मी त्यांना ऐकवलं. फोनवर बराच वेळ शांतता. 'उतरलेला सेल,' ते म्हणाले. 'माझ्याकडे पिशवीभर आहेत. गिऱ्हाइकांचे काढून ठेवलेले.'

पण त्याच दिवाळीतली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. डबी जोडून झाली त्या संध्याकाळी काकांचे जुने मित्र आले होते. सतारमेकर गल्लीतले, तानपुरे बनवणाऱ्या घराण्यातले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मिरजेच्या या लोकांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्या तशी त्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं सोडून सतारी आणि तानपुरे हातात घेतले. चाचा खुर्चीत बसून चहा पीत होते. मी गिटार लावली, डबी दाबली आणि एक तार छेडली.

काकांचा हात नकळत माझ्या अँपच्या बटणाकडे गेला. सवय. 'आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडालाय,' ते म्हणाले आणि मग आपलं आपल्यालाच हसले.

चाचांनी कप खाली ठेवला. 'पुन्हा वाजव बेटा.' मी वाजवलं. 'जवारी फार खुली झालीय,' ते म्हणाले.

मी गप्पच झाले. इतकी वर्षं इतकं वाचून हे मला सुचलं नव्हतं, आणि मी वाढले तानपुऱ्याच्या गावात! तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला सारखी चाटत राहते, आणि तिच्या आणि घोडीच्या मधे सुताचा धागा सरकवून ती कुठे, किती चाटेल हे ठरवतात. त्या घासण्याने मूळ स्वरावर वरच्या स्वरांची झालर उमटते. ती नसेल तर तानपुरा मुका. जवारी काढणारा कारागीर कानशीने जे घासत असतो ते हेच, सुराला लावलेली नेमकी खरखर. जास्त खुली झाली तर झणझणते, बंद झाली तर सूर गोल आणि घुमा होतो. काकांचं दुकान आणि चाचांची गल्ली यांच्यात पाच मिनिटांचं अंतर. एकाने जन्मभर खरखर काढली, एकाने घातली, आणि दोघे रोज संध्याकाळी एकत्र चहा पीत होते. त्यांच्यात या विषयावर कधी भांडण झालं नाही, कारण दोघांनाही तो विषय एकच आहे असं वाटलंच नव्हतं.

'सा आणि प दोन्ही एकदम वाजव,' चाचा म्हणाले. वाजवलं. डबीतून एक भरीव, अंगावर येणारा आवाज निघाला, आणि त्याच्याही खाली एक खर्ज, मी न वाजवलेला. 'आता गंधार घाल.' घातला. सगळा चिखल. चाचांनी नुसती मान हलवली, म्हणजे हे त्यांना आधीच माहीत होतं.

यामागचा हिशेब मला नंतर नीट लागला. फझमधून दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचाही एक स्वर तयार होतो. षड्ज आणि पंचम यांचं नातं दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे बरोबर खालचा षड्ज. म्हणून तो खर्ज. गिटारचे पडदे बारा समान भागांत बसवलेले असतात. त्यात पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंट (शंभर सेंट म्हणजे एक पडदा) उतरतो, कानाला कळतही नाही. पण गंधार जवळजवळ चौदा सेंट चढा. ही चूक वजाबाकीत मोठी होऊन बाहेर पडते आणि खालचा स्वर बेसूर लागतो. रॉक वाजवणारे ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात त्यात गंधार नसतो, सा आणि प एवढंच असतं. कुणी शास्त्र बघून तसं केलेलं नाही. जे चिखल होत नाही ते उरलं.

चाचांची उपमा तंतोतंत लागू पडते असं मात्र मी म्हणणार नाही. तानपुऱ्याच्या प्रत्येक तारेला तिची तिची जवारी असते, माझी डबी सगळ्या तारांना एकाच घमेल्यात कालवते. चिखल होतो तो त्यामुळेच. आणि जवारी कारागिराच्या कानाने, हळूहळू, दिवस घालवून निघते, फझ मी बुटाने दाबते. तरीपण त्या दिवसापासून मी गिटारवर आधी सा आणि प लावून बसते, नुसती ऐकत. माझं वाजवणं त्याने सुधारलेलं नाही.

डबीचं दुखणं उन्हाळ्यात कळलं. जर्मेनियममध्ये मुळातच थोडी वीज झिरपत असते, आणि तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुपटीवर जाते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत डबी आधी फसफसली, मग गुदमरली, मग नुसतीच खोकायला लागली. साडेचार व्होल्ट केव्हाच जागचे हलले होते. गवई ऊन टाळून गातात, ही वाजायलाच तयार नाही. मी काकांना कळवलं की वैशाखात हिची सुट्टी. फोनवर त्यांनी बारीकसारीक विचारलं. गळती किती, कुठला ट्रान्झिस्टर, सकाळी काय, दुपारी काय. मी मोजून सांगितलं. ते 'हं' म्हणाले आणि विषय बदलला.

दहा दिवसांनी एसटीच्या पार्सलने पुडकं आलं. श्रीखंडाचाच डबा, कापूस भरलेला. काकांनी माळ्यावरचे सगळे एसी १२८ एकेक करून मोजले होते, बहुधा सकाळी गारव्याला एकदा आणि दुपारी एकदा, कारण प्रत्येकाला दोन आकडे होते. एकूण तेवीस. कॅलेंडरच्या कागदाची अंगठ्याएवढी चिठ्ठी प्रत्येकाच्या पायांना गुंडाळलेली, त्यावर शिसपेन्सिलीने गेन आणि गळती. डब्याच्या झाकणात एक मोठा कागद, तोच परवा ड्रॉवरमध्ये सापडला. त्यावर तेवीस ओळींचा तक्ता, दुकानाच्या बिलबुकातल्यासारख्याच नीट रेघा मारलेला, आणि बहुतेकांसमोर शेरा: 'उत्तम'. 'ठीक'. 'जोडी नं. ४ बरोबर'. शेवटच्या तीन ओळींखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती आणि लिहिलं होतं:

'हे तीन फार गळतात. रेडिओला चालणार नाहीत. तुला आवडतील.'